एक्स्टेंशन डाऊनलोड करताय? जरा थांबा, आधी हे वाचा!



गणपतीच्या तयारीची बैठक चालू होती. मोदक किती, हॉलची चावी कोणाकडे, या वर्षी तरी आरती वेळेवर सुरू होणार का, असे नेहमीचे यशस्वी विषय झाले आणि चहाच्या वेळी आमच्या एका मित्राने हळूच बाजूला घेऊन विचारलं, "बाबांच्या लॅपटॉपला काहीतरी झालंय. तुम्ही संगणकवाले जरा येऊन बघता का?" मंडळात एकदा "संगणकवाले" म्हणून नाव पडलं की प्रिंटरच्या शाईपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं आपल्याकडे येतं. त्याची आम्हाला सवय आहे. त्यातून वहिनींच्या हातची साबुदाण्याची खिचडी मिळणार असेल तर नाही कोण म्हणेल? आम्ही दोघं शनिवारी सकाळी त्यांच्या घरी पोहोचलो.

काका दरवर्षी सहा महिन्यांसाठी मुलाकडे येतात. निवृत्त मुख्याध्यापक. सकाळी उठून चहा, मग लॅपटॉपवर गावाकडचं वर्तमानपत्र, हा त्यांचा नेम. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून फार वेळ वाचवत नाही, म्हणून त्यांना बातम्या मराठीत वाचून दाखवणारं काहीतरी हवं होतं. कोणीतरी सांगितलं, "ब्राउझरचं एक्स्टेंशन मिळतं." काकांनी शोधलं. एक छानसं पान उघडलं. त्यावर तीन मोठी बटणं होती: विंडोजसाठी, मॅकसाठी, लिनक्ससाठी. काकांचा लॅपटॉप विंडोजचा, म्हणून त्यांनी विचार करून बरोबर विंडोजचं बटण दाबलं. फाइल आली, ती त्यांनी चालवली, जे जे विचारलं त्याला "हो" म्हटलं.

बातम्या कोणी वाचून दाखवल्या नाहीत. पण शोध घ्यायला गेलं की भलतंच पान उघडायला लागलं, कोपऱ्यात जाहिराती नाचायला लागल्या. मुलाने एक्स्टेंशन काढलं, तर लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर ते परत हजर! आणि पोटात गोळा आणणारी गोष्ट अशी की मधल्या तीन दिवसांत काकांनी त्याच ब्राउझरमधून भारतातल्या बँकेचं खातं दोनदा उघडलं होतं. पेन्शन तिथेच जमा होते, मुदत ठेवीही तिथेच.

पैसे गेले नाहीत हे आधीच सांगून टाकतो. पण नेटबँकिंग बंद करणं, पासवर्ड बदलणं, पुन्हा सुरू करण्यासाठी तिकडच्या बँकेच्या वेळेत म्हणजे इकडच्या मध्यरात्री फोन लावून बसणं, यात त्या घराच्या तीन रात्री गेल्या. त्याहून वाईट हे की काकांनी लॅपटॉप मिटून कपाटात ठेवून दिला. "आता या वयात नको ते उद्योग," म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना "चुकलं तरी चालेल, करून बघ" असं सांगितलं, त्याच्या तोंडून हे ऐकताना आम्हालाच कसंतरी झालं. खरं तर काकांनी चूक अशी केलीच नव्हती. आपली ऑपरेटिंग सिस्टीम कोणती हे ओळखून त्यांनी योग्य बटण दाबलं होतं. ती तीन बटणंच मुळात फसवी होती, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून हा लेख. आपल्या घराघरात विंडोज, मॅक, मुलांच्या शाळेची क्रोमबुकं, आयफोन, अँड्रॉइड असा सगळा गोतावळा असतो. तेव्हा एकदा नीट समजून घेऊ या.

एक्स्टेंशन म्हणजे नक्की काय?

ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी वगैरे. त्यांच्या अंगात नसलेलं एखादं काम करून घेण्यासाठी जोडलेला छोटा तुकडा म्हणजे एक्स्टेंशन. जाहिराती अडवणारं, पासवर्ड लक्षात ठेवणारं, पान भाषांतरित करणारं, असे कितीतरी प्रकार असतात.

हे एक्स्टेंशन एका फाइलच्या रूपात येतं. फायरफॉक्ससाठी तिचं शेपूट "एक्सपीआय" असतं आणि क्रोमसाठी "सीआरएक्स". एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे ब्राउझर क्रोमच्याच पायावर उभे असल्याने त्यांचीही जात तीच. या दोन्ही प्रकारच्या फाइली म्हणजे आतून साधी झिप गाठोडी आहेत. आत जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला कोड, एकदोन पानं, चित्रं आणि "मॅनिफेस्ट" नावाची एक यादी असते. या एक्स्टेंशनचं नाव काय, त्याला कशाकशाची परवानगी हवी, हे त्या यादीत लिहिलेलं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हा कोड थेट विंडोजवर किंवा मॅकवर चालत नाही. तो ब्राउझरच्या पोटात चालतो. त्यामुळे एकाच ब्राउझरसाठी विंडोज, मॅक आणि लिनक्सवर बहुतेक वेळा अगदी तीच फाइल चालते. पोळी तीच, फक्त तवा कोणाच्या घरचा एवढाच फरक. म्हणून एखादं पान "एक्स्टेंशन" म्हणून प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळी फाइल द्यायला लागलं, की कान टवकारायचे!

मग ही वेगवेगळी बटणं आली कुठून?

ती अगदीच खोटी कल्पना नाही. तिला जुना इतिहास आहे.

आपल्यापैकी जे २००० च्या सुमारास परदेशी आले त्यांना आठवत असेल, मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्या वर्तमानपत्राचा फाँट उतरवावा लागे. प्रत्येकाचा फाँट वेगळा. काही संस्थळं आपोआप येणारा फाँट वापरत, पण त्यातला एक प्रकार फक्त विंडोजवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररलाच कळे. मॅक किंवा लिनक्सवर तेच पान उघडलं की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसे. फायरफॉक्सची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली आणि पुढे त्याच्यासाठी "पद्मा" नावाचं एक्स्टेंशन निघालं. जुन्या फाँटमधला भारतीय भाषांचा मजकूर ते युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. परदेशात बसून आपली भाषा वाचू पाहणाऱ्यांसाठी ही केवढी सोय होती!

त्या काळातली फायरफॉक्सची एक्स्टेंशन्स फार खोलवर हात घालू शकत. काहींच्या पोटात त्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी तयार केलेला कोडही असे. त्यामुळे तेव्हा फायरफॉक्सच्या अधिकृत पानावरसुद्धा काही एक्स्टेंशन्ससाठी विंडोज, मॅक, लिनक्स अशी वेगळी डाऊनलोड असत. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि ही जुनी पद्धत बंद झाली. क्रोमसारखीच, ब्राउझरच्या कुंपणात राहणारी नवी पद्धत आली. वेगळ्या बटणांची गरज संपली, पण लोकांच्या मनातली सवय राहिली, आणि फसवणारे नेमके त्याच सवयीवर पोट भरतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. पासवर्ड सांभाळणाऱ्या काही सेवांचा संगणकावर बसवायचा वेगळा प्रोग्रॅमही असतो आणि एक्स्टेंशन त्याच्याशी बोलतं. तो प्रोग्रॅम विंडोजला वेगळा आणि मॅकला वेगळा असणारच. पण तो त्या सेवेच्या मूळ संस्थळावरूनच घ्यायचा, आणि एक्स्टेंशन तरीही ब्राउझरच्या दुकानातूनच.

फाइलचं शेपूट ओळखा

डाऊनलोड झालेल्या फाइलच्या नावाचा शेवटचा भाग बघायची सवय लावून घ्या:

- ईएक्सई किंवा एमएसआय: विंडोजचा पूर्ण प्रोग्रॅम. एक्स्टेंशन नव्हे!
- डीएमजी किंवा पीकेजी: मॅकचा प्रोग्रॅम. एक्स्टेंशन नव्हे!
- डीईबी किंवा आरपीएम: लिनक्सचा प्रोग्रॅम. एक्स्टेंशन नव्हे!
- एपीके: अँड्रॉइडचं ॲप. हेही एक्स्टेंशन नव्हे!
- एक्सपीआय: फायरफॉक्सचं एक्स्टेंशन.
- सीआरएक्स: क्रोम आणि त्याच्या भावंडांचं एक्स्टेंशन.

काकांच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये आम्हाला ईएक्सई सापडली. म्हणजे त्यांनी एक्स्टेंशन नव्हे, तर एक पूर्ण प्रोग्रॅम घरात घेतला होता. तो मागे दबा धरून बसायचा आणि काढलेलं एक्स्टेंशन पुन्हा बसवायचा. विंडोजच्या सेटिंग्जमधून आधी तो प्रोग्रॅम काढला, मग एक्स्टेंशन काढलं, मग ब्राउझरची सेटिंग्ज मूळ स्थितीला आणली आणि शेवटी विंडोजच्या सुरक्षा प्रोग्रॅमकडून पूर्ण तपासणी करून घेतली, तेव्हा कुठे भूत उतरलं. क्रम महत्त्वाचा आहे. बादली भरून फरशी पुसायच्या आधी नळ बंद करायला हवा!

बरोबर मार्ग कोणता?

*क्रोम (विंडोज, मॅक, लिनक्स, क्रोमबुक):* क्रोम वेब स्टोअर हे एकच दुकान. पत्ता "क्रोमवेबस्टोअर डॉट गूगल डॉट कॉम". तिथे "ॲड टू क्रोम" दाबलं की सीआरएक्स फाइल मागच्या मागे येते आणि बसते, आपल्याला ती दिसतसुद्धा नाही. बाहेरून आणलेली सीआरएक्स फाइल विंडोजवरचं क्रोम २०१४ पासून आणि मॅकवरचं २०१५ पासून स्वीकारत नाही. २०१८ पर्यंत दुसऱ्या संस्थळावरच्या बटणानेही दुकानातलं एक्स्टेंशन बसवता येई, तेही गूगलने बंद केलं. म्हणजे आज क्रोमचं एक्स्टेंशन घ्यायचं तर दुकानात स्वतः जावं लागतं. एखादं पान जर "डेव्हलपर मोड चालू करा आणि हे फोल्डर आत टाका" असं सांगत असेल, तर ते पान तात्काळ बंद करा. ती सोय एक्स्टेंशन बनवणाऱ्यांसाठी आहे, बातम्या वाचणाऱ्यांसाठी नाही.

*एज:* त्याचं स्वतःचं ॲडऑन्सचं दुकान मायक्रोसॉफ्टच्या संस्थळावर आहे. जानेवारी २०२० पासून एज क्रोमच्या पायावर असल्याने, परवानगी दिली तर क्रोमच्या दुकानातलीही एक्स्टेंशन्स त्यावर बसतात.

*फायरफॉक्स (विंडोज, मॅक, लिनक्स):* पत्ता "ॲडऑन्स डॉट मोझिला डॉट ऑर्ग". इथे मात्र फाइल हवी तर हातात मिळते. बटणावर उजवी क्लिक करून ती साठवता येते आणि ॲडऑन्सच्या पानावरच्या चाकाच्या चिन्हातून "फाइलमधून बसवा" हा पर्याय निवडता येतो. ज्यांच्या घरचं इंटरनेट रडतखडत चालतं त्यांना पेन ड्राइव्हवरून नेता येतं. पण त्या फाइलवर मोझिलाची डिजिटल सही असावीच लागते, नाहीतर नेहमीचं फायरफॉक्स ती बसवत नाही. ही सही किती पक्की भिंत आहे याचा अनुभव ४ मे २०१९ च्या सुमारास जगाला आला. सही तपासण्यासाठी लागणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत मोझिलाच्याच हातून संपली आणि जगभरच्या लोकांची चांगली चाललेली एक्स्टेंशन्स एका रात्रीत बंद पडली! एकदोन दिवसांत दुरुस्त आवृत्ती आली. सरकारी शिक्क्याची तारीख टळली की आपल्याही पासपोर्टचं तेच होतं, नाही का?

*सफारी (मॅक):* ॲप स्टोअरमधून ॲपसारखं घ्यायचं आणि मग सफारीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करायचं. नुसतं उतरवून ते चालू होत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

*फोन आणि टॅब्लेट:* आयफोन आणि आयपॅडवर सफारीची एक्स्टेंशन्स २०२१ पासून, म्हणजे आयओएस १५ पासून मिळतात, तीही ॲप स्टोअरमधूनच. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ पासून एक्स्टेंशन्सचं दार मोकळं केलं. फोनवर कुठलंही पान "डाऊनलोड" म्हणून फाइल हातात ठेवायला लागलं, तर ती घेऊ नका.

*मुलांचं शाळेचं क्रोमबुक:* यावर ईएक्सई किंवा डीएमजी चालतच नाही. शिवाय शाळेच्या खात्यावर काय बसवायचं हे बहुधा शाळा ठरवते. तेव्हा "बसत नाही" म्हणून आडवाटा शोधू नका, शाळेला विचारा.

बसवण्याआधी परवानगी वाचा

एक्स्टेंशन बसवताना एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात अनेकदा असं एक वाक्य असतं: तुम्ही भेट देता त्या सर्व संस्थळांवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. हे वाक्य आपण भाड्याच्या करारातल्या बारीक अक्षरांसारखं सोडून देतो. पण त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. सर्व म्हणजे सर्व. त्यात तुमची ईमेल आली आणि बँकेचं पानही आलं.

"पण बँकेच्या पत्त्याआधी कुलूप दिसतं ना?" हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. ते कुलूप वाटेतल्या प्रवासासाठी आहे. सीलबंद पाकीट पोस्टमनला वाचता येत नाही हे खरं, पण घरी आल्यावर तुम्ही ते फोडलंत आणि खांद्यावरून कोणीतरी डोकावत असेल, तर सील काय करणार? एक्स्टेंशन हे असं घरात घेतलेलं माणूस आहे.

जाहिराती अडवणाऱ्याला सगळी पानं पाहावी लागतात, हे समजू शकतं. पण हवामान दाखवणाऱ्याला तुमची ईमेल कशाला हवी? काम आणि मागणी यांचा मेळ बसत नसेल तर "नाही" म्हणायचं. क्रोम आणि एजमध्ये बसवल्यानंतरही "फक्त क्लिक केल्यावर" किंवा "फक्त ठरावीक संस्थळांवर" अशी मर्यादा घालता येते. ती जरूर घाला.

दुकानातलं म्हणजे सगळं चांगलंच?

दुर्दैवाने नाही. "द ग्रेट सस्पेंडर" नावाचं, न वापरलेले टॅब झोपवणारं एक एक्स्टेंशन क्रोमवर फार लोकप्रिय होतं. वर्षानुवर्षं चांगलं चाललं. २०२० मध्ये ते मूळ कर्त्याने दुसऱ्याला दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते काढून टाकलं. दुसरी घटना डिसेंबर २०२४ ची. सायबरहेवन या संगणक सुरक्षेचंच काम करणाऱ्या कंपनीच्या माणसाला फसव्या ईमेलने गंडवून, नाताळच्या सुट्टीत तिच्या एक्स्टेंशनची घातक आवृत्ती दुकानातून लोकांपर्यंत पोहोचवली गेली. एक्स्टेंशन्स आपोआप अद्ययावत होतात, त्यामुळे वापरणाऱ्यांना काही दाबावंही लागलं नाही.

यातून धडा एवढाच की मोजकीच एक्स्टेंशन्स ठेवा आणि अधूनमधून यादी बघा. तुमचं एखादं जुनं एक्स्टेंशन क्रोममध्ये अलीकडे बंद पडलं असेल, तर तो घातपात असेलच असं नाही. २०२४ पासून क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स टप्प्याटप्प्याने बाद केली. त्याची जुनी फाइल कुठल्यातरी भलत्या पानावरून आणायच्या फंदात पडू नका, दुकानातच नवी आवृत्ती किंवा पर्याय शोधा.

आणखी एक. तुम्ही क्रोममध्ये गूगल खात्याने आत गेला असाल आणि सिंक चालू असेल, तर एका संगणकावर बसवलेलं एक्स्टेंशन त्याच खात्याच्या दुसऱ्या संगणकावरही जाऊन बसतं. घरच्या विंडोजवर चिरंजीवांनी खेळासाठी बसवलेलं एक्स्टेंशन बाबांच्या ऑफिसच्या मॅकवर हजर, हे आम्ही पाहिलेलं आहे! म्हणून घरात प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं ठेवा. आणि बँकेसाठी शक्य तर एक स्वतंत्र ब्राउझर ठेवा, ज्यात एकही एक्स्टेंशन नाही. आम्ही स्वतः असंच करतो.

फ्रिजवर चिकटवायची यादी

१. जे काम हवं ते ब्राउझरमध्ये किंवा संगणकात आधीच आहे का ते बघा.
२. नसेल तर ब्राउझरच्या दुकानातच शोधा, जाहिरातीच्या दुव्यावरून जाऊ नका.
३. फाइल ईएक्सई, डीएमजी, पीकेजी असेल तर उघडू नका, पुसून टाका.
४. कर्त्याचं नाव, शेवटचं अद्ययावत कधी झालं आणि अलीकडचे अभिप्राय वाचा.
५. परवानगी कामाशी जुळते का ते पाहा.
६. दर दिवाळीच्या सफाईत एक्स्टेंशन्सची यादी उघडा आणि न वापरलेली काढून टाका.
७. शंका आली तर त्या ब्राउझरमधून बँक उघडू नका. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदला.

पहिला मुद्दा मुद्दाम पहिला ठेवला आहे. मराठी टाइप करायला एक्स्टेंशन हवंच असं नाही. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्याच्या आवृत्तीपासून मराठीचा उच्चाराप्रमाणे चालणारा कीबोर्ड आहे, पुढच्या विंडोजमध्येही आहे. (विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आईबाबांच्या जुन्या लॅपटॉपकडेही एकदा बघा.)

आणि काकांचं काय झालं? त्यांना हवं होतं ते त्यांच्या लॅपटॉपमध्ये आधीपासूनच होतं! एजमध्ये बातमीचं पान उघडायचं, कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबायचं, आवाजांच्या यादीतून मराठी आवाज निवडायचा, की बाई किंवा पुरुष, हव्या त्या आवाजात बातमी ऐकू येते. ना डाऊनलोड, ना एक्स्टेंशन. आम्ही ते लावून दिलं तेव्हा काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उच्चार ठीक आहेत, पण अनुस्वार जरा कच्चे आहेत." मुख्याध्यापक परत आले होते!

आता वरची यादी त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर लावली आहे, आणि नातवाने काही बसवायचं म्हटलं की आधी त्याला तिसरा मुद्दा मोठ्याने वाचायला लावतात.

तुमच्या घरीही कोणी काका, मावशी, आजी असा लॅपटॉप मिटून बसले असतील, तर एका रविवारी अर्धा तास त्यांच्याशेजारी बसा. न रागावता. काही अडलं तर मराठी शाळेच्या वेळी आम्ही मागच्या बाकावर चहा पीत असतोच, बिनधास्त विचारा. खिचडीची अट नाही, पण आग्रह झाला तर मोडवत नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपले,
मंडळातले संगणकवाले